सातशे ग्रॅम वारं

अण्णा कामाला लागले की आधी सगळ्यांना गप्प करत. त्यासाठी ते तोंड उघडत नसत. उजव्या हाताचं एक बोट वर, एवढंच. मग हँडलखाली वाकून टोपण काढलेल्या वाल्व्हपाशी डावा कान नेत आणि डोळे मिटून घेत. एकदा फाटकाबाहेर नारळवाला ओरडला, तर अण्णांनी ते बोट न बघताच त्याच्या दिशेनं वळवलं आणि तोही बिचारा सायकल धरून उभा राहिला. अर्ध्या मिनिटानं अण्णांनी डोळे उघडले.

"सरी. वारं गप हाय."

मग नारळवाला पुढे गेला.

सरी म्हणजे कन्नडमधलं 'ठीक', आणि वारं म्हणजे हवा. मोटारसायकलच्या शॉकअपमधली हवा. अण्णांच्या बोलण्यात हवा हा शब्द फक्त आकाशासाठी होता. नळीत, पंपात, टायरात जे असतं ते वारं. आणि ते मोजायचे ग्रॅममध्ये. काट्यावर शून्य पॉइंट सात किलो दिसलं की "सातशे ग्रॅम" म्हणायचे, वाण्याकडे रवा तोलावा तसं. "तुम्हाला सातशे ग्रॅम पुरं अक्का. आठशे दिलं तर रस्ता पाठीला कळतो."

बसवनगुडीतल्या देवळामागच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं आणि घराच्या कंपाउंडमध्ये पत्र्याची शेड. पाटी नव्हती. त्यांचं नाव मला पुष्कळ दिवसांनी कळलं आणि ते मी इथे लिहीत नाही, कारण गल्लीतही ते कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते अण्णा.

मी त्यांच्याकडे पोचले ती माझ्या मूर्खपणामुळे. माझे बाबा बोटीवर इंजिनिअर होते. तरुणपणी त्यांनी जपानहून एक चारशे सीसीची मोटारसायकल बोटीतून आणली आणि पुण्यात पंचवीस-तीस वर्षं तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. पोटच्या पोरीला याबाबत थोडी तक्रार आहे, पण ते असो. बाबांचे गुडघे गेले तेव्हा मी नोकरीसाठी बंगळूरला येऊन स्थिरावले होते. बाबांनी गाडी माझ्याकडे पाठवून दिली. सोबत चार पानी पत्र होतं, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही याचं. गाडी मी लगेच चालवली. पत्र मी वाचलं नाही.

या जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही शॉकअपमध्ये स्प्रिंग असते, तेल असतं आणि तेलाच्या वर थोडीशी हवा भरावी लागते. त्यासाठी दोन्हींच्या वरच्या टोकाला टायरला असतो तसाच छोटा वाल्व्ह. मी बघितलं, ब्रेक मारला की गाडी फार नाक खुपसते. हवा कमी झाली असणार, हे बरोबर ओळखलं. मग जे तुम्हीही कदाचित केलं असतं ते मी केलं. पेट्रोल पंपावर गेले आणि टायरची हवा भरणाऱ्याला म्हटलं, "इथे पण भर."

त्यानं नळी लावली. फट् असा आवाज आला. दुसऱ्या बाजूला लावली, पुन्हा फट्. मग दोन्ही नळ्यांवरून तेल ओघळून खाली ब्रेकच्या तबकडीवर टपकायला लागलं. तो माणूस दोन पावलं मागे सरला आणि त्यानं आयुष्यात मला पाहिलंच नाही असा चेहरा केला.

अण्णांनी ते तेल बघितलं. बोटाला लावून बघितलं. हुंगलं.

"कुठं भरलं?"

"पेट्रोल पंपावर."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि गाडीऐवजी माझ्याकडे बघितलं.

"चहाच्या कपात फायरब्रिगेडचा पाइप सोडला बघा तुम्ही." मग म्हणाले, "पुण्याच्या काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"चूक केली, पण आवाज बारीक न्हाई केला."

मला राग यायला हवा होता. पण बंगळुरात घराबाहेर कुणी मराठीत माझी अब्रू काढण्याची ती पहिलीच वेळ होती. ऑफिसात सगळं इंग्रजी आणि हिंदी. मी हसायला लागले, तसे तेही हसले. खालच्या ओळीत दोन दात कमी होते.

"आमची माणसं साडेतीनशे वर्षांमागं घोड्यावरनं आली," त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. "परत जायचंच म्हणत होती. टाइम मिळाला न्हाई."

तेल अडवणारी, आता फुटलेली दोन्ही ऑइल सील बदलायला त्यांनी चार दिवस घेतले. नळ्या खाली उतरवल्या, जुनं तेल काढून टाकलं, नवं तेल काचेच्या मापानं मोजून दोन्हीकडे अगदी सारखं ओतलं. तेल एका बाजूला जास्त झालं की वर हवेला जागा कमी उरते, मग तेवढीच हवा भरूनही ती बाजू ताठ होते. हे मला समजावून सांगताना त्यांनी घरातून दोन पेले आणले, एकात पाणी जास्त, एकात कमी, आणि वर तळहात ठेवून दाखवलं. मी कॉम्प्युटरवर दिवसभर आलेखांचे असले पेले मांडून लोकांना समजावत असते. इतकं सरळ मला कधी जमलेलं नाही.

हवा भरायला त्यांच्याकडे हाताचा एक बारका पंप होता, जेमतेम वीतभर. एका दाबात चिमूटभर हवा जायची. काटा लावायचा, बघायचं, काढायचं. काटा काढताना फुस् होऊन थोडी हवा निसटते, म्हणून ते आधीच तेवढी जास्त भरत. "वारं बघायला गेलं की वारं जातं," ते म्हणत. त्यांचा एकच कडक नियम त्यातूनच आला होता: अण्णांनी हवा बघून दिली की त्यामागे कुणी वाल्व्हला हात लावायचा नाही. लावलाच तर मग अण्णांकडे यायचं नाही.

दुसरी अट अशी की गाडी गार हवी. गरम शॉकअपमधली हवा फुगलेली असते, काटा चुकीचं दाखवतो. बनशंकरीतल्या घरून मी गाडी चालवत येणार, म्हणजे ती गरमच येणार. म्हणून पोचल्यावर तासभर नुसतं थांबायचं. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली जॅक, पुढचं चाक अधांतरी, आणि आम्ही पायरीवर कॉफी पीत. माझी अण्णांशी ओळख ही गाडी गार होताना झालेली ओळख आहे.

कॉफी आणायच्या त्यांच्या बायको. मी त्यांना काकू म्हणे, त्या मला पुट्टी, म्हणजे पोरी. कन्नडमध्ये बायका नवऱ्याला 'री' अशी हाक मारतात, आपल्या 'अहो'सारखी. काकूंची ती हाक स्वयंपाकघरातून निघाली की शेडचा पत्रा थरथरायचा. "रीऽऽ!" अण्णा हलायचे नाहीत. काकू बाहेर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावायच्या, मग ते म्हणायचे, "ऐकलं की, येतच होतो." मला वाटे, सगळ्याच नवऱ्यांचं असतं तसंच.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आयुष्यभर कानाला यंत्र लावून माणसांची माणसांशी गाठ घालून दिली. गल्लीत गाडी वळली की आतूनच सांगायच्या, "डॉक्टरांची मोटारसायकल. परत चेन सैल हाय." अण्णा एका सरकारी कारखान्यात होते, हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या खात्यात. तिथल्या भोंग्यांच्या आणि हातोड्यांच्या गोष्टी सांगायचे. इतका दणदणाट, की जेवणाच्या सुट्टीतही माणसं हातवारे करूनच बोलत. मी ऐकत होते आणि मला काही म्हणजे काही लक्षात येत नव्हतं.

हवा किती भरायची हे ठरवायला ते शॉकअपच्या चकचकीत दांडीवर एक काळा दोरा घट्ट गुंडाळत. गिऱ्हाईक गाडीवर बसलं की दांडी खाली जाते आणि दोरा वर सरकतो. किती सरकला ते पट्टीनं मोजायचं. नवीन माणसाला वाटे दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय. एकानं चपला काढून नमस्कार केला होता. अण्णांनी त्याला अडवलं नाही. "करू दे की. गाडीला चांगलंच हाय."

मला त्यांनी पहिल्यांदा हवा भरतानाच विचारलं, "वजन किती अक्का?"

"बासष्ट."

त्यांनी मला बसवलं, पट्टी लावली, चष्म्यावरून बघितलं.

"अडुसष्ट."

"अण्णा!"

"मी न्हाई म्हणत. स्प्रिंग म्हणते. तिला काय ठाव तुम्ही घरी काय सांगता?"

अशी माणसं ते नेमकी पकडत. एक इंजिनिअर मुलगा यायचा, त्याच्या गाडीला मागच्या शॉकअपलाही हवा लागे. अण्णांनी विचारलं, मागं कुणी बसतं का? तो म्हणाला, नाही, कुणी नाही. अण्णांनी मागच्या सीटवरून हात फिरवला. सीट डाव्या कडेला झिजलेली होती, एका बाजूला पाय सोडून कुणीतरी नेहमी बसत असल्यासारखी. त्यांनी दोघांच्या हिशेबानं हवा भरली आणि त्याला पाठवून दिलं. वर्षाच्या आत त्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन दोघं आली. मुलीनं अण्णांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "घरी कळायच्या आधी तुम्हाला कळलं होतं म्हणे."

अशी तीन वर्षं गेली. आता जे सांगायचं आहे ते सांगते.

एका जानेवारीत, शनिवारी सकाळी, अण्णांनी माझ्या गाडीची हवा बघून दिली. बोट वर, डोळे मिटलेले, "वारं गप हाय," सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी मला देवनहळ्ळीला जायचं होतं, एका मैत्रिणीच्या शेतावर. तिथे शेतं संपून आता प्लॉट पडत आहेत, तिचं मात्र अजून होतं. रविवारी सकाळी निघाले. देवनहळ्ळीच्या अलीकडे एका आतल्या रस्त्यावर, रंग न मारलेल्या गतिरोधकाच्या तोंडाशी पुढची कार अचानक थांबली. मी ब्रेक दाबला. गाडीचं पुढचं टोक एकदम खाली बसलं, तळाला आपटलं, हँडल हातातून वळलं आणि मी डावीकडे रस्त्यावर. वेग फार नव्हता. जाड जॅकेट, हेल्मेट, सगळं होतं. तरी डावं मनगट मोडलं.

नवरा मला न्यायला आला आणि गाडी टेंपोत घालून अण्णांकडे गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चारच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. अण्णा आणि काकू. बसवनगुडीहून बसनं आले होते. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी त्यांना कधी तेलाच्या डागाशिवाय पाहिलं नव्हतं, क्षणभर ओळखलंच नाही. काकूंच्या हातात सोललेल्या अवरेकाळूची पिशवी होती. त्या दिवसांत बंगळुरात घरोघरी या पावट्याशिवाय दुसरं काही शिजत नाही.

अण्णा बसले नाहीत. माझ्या प्लास्टरकडे बघत उभे राहिले.

"अक्का, उजव्या बाजूत वारं नव्हतं. शून्य. वाल्व्ह काढून बघितला. बुडाशी कचऱ्याचा कण अडकलेला. बारीक गळत असणार. मला ऐकायला यायला पायजे होतं."

"अण्णा, बसा ना आधी."

"मला ऐकू येत न्हाई, अक्का."

त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं.

"डाव्या कानानं येत होतं. आता तेही न्हाई. मी कान लावतो, डोळे मिटतो, सगळी गप बसतात. मला वाटतं, काही येत न्हाई म्हणजे वारं गप हाय. पण मला काहीच येत न्हाई. कावळाही न्हाई येत."

काकू खाली बघत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, पुट्टी. मी साबणाचं पाणी लावा म्हटलं. ऐकत न्हाईत." मग स्वतःच्याच शब्दावर त्यांना किंचित हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही.

"शेड बंद केली," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याचं हाड मोडेपर्यंत कळलं न्हाई मला. आता न्हाई करायचं."

त्यांनी हात जोडले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस. पाणी न पिता गेले दोघं.

आता माझं ऐका. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

त्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता मी एक गोष्ट केली होती. मी नवा डिजिटल गेज मागवला होता. तो दुपारी घरी आला. अण्णांचा काटा म्हातारा, हा नवा, आकडे दोन घरांपर्यंत दाखवणारा. मला बघायचंच होतं. गाडी गार होती. दोन्ही टोपणं काढली, गेज लावला, आकडे बघितले, काढला. उजवीकडे काढताना जरा जास्त वेळ फुस्स झालं. टोपण लावलं आणि वर येऊन जेवले.

अण्णा माझ्यासमोर हात जोडून उभे होते तेव्हा तो गेज माझ्या पाठीमागच्या खणात होता.

मी का बोलले नाही? त्यांचा एकमेव नियम मी मोडला होता, हे एक. मनगट दुखत होतं आणि दुसऱ्या कुणाची तरी चूक असणं बरं वाटत होतं, हेही खरं. आणि मला खात्री नव्हती. कदाचित वाल्व्ह सकाळपासूनच गळत असेल, कदाचित माझ्यामुळे गळला असेल. हा 'कदाचित' मी पुढे तीन आठवडे उशाशी घेऊन झोपले. अवरेकाळूची उसळ नवऱ्यानं केली होती. मला ती गिळवेना.

प्लास्टर निघायच्या आधीच मी एका सकाळी रिक्षा करून बसवनगुडीला गेले. शेडला कुलूप होतं. बाहेर फाटकाशी एक माणूस जुनी गाडी घेऊन हुज्जत घालत होता आणि काकू त्याला परत पाठवत होत्या. अण्णा पायरीवर सूप घेऊन बसले होते, भिजवलेल्या दाण्याची साल चिमटीत दाबून काढत. तेही नीट जमत नव्हतं. दाणे उडून कंपाउंडभर पडले होते. ज्यांच्या बोटांना केसाएवढी फट कळे, त्यांना पावटा सोलता येत नव्हता.

मी समोर बसले. घरून वाक्यं पाठ करून आले होते. हलक्या आवाजात, नजर खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी संध्याकाळी मी गेज लावला होता."

"आं?"

"मी गेज लावला होता."

"पेज? आज न्हाई केली. उपमा हाय."

"गेज! गेज लावला होता, अण्णा!"

समोरच्या घराच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

"कुणी?"

"मी! शनिवारी संध्याकाळी! तुम्ही हवा बघून दिल्यावर! मी वाल्व्हला हात लावला!" मी ओरडत होते. नाक गळत होतं, एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातानं पुसत ओरडत होते. "माझी चूक आहे! तुमची नाही!"

शेजारच्या खिडकीत दोन माणसं आली. फाटकावरचा गाडीवाला हुज्जत विसरून ऐकायला लागला. त्याला मराठी येत नव्हतं, पण काहीतरी मोठं चाललंय एवढं कळत होतं. माणसानं चूक कबूल करावी ती अशी, सगळ्या गल्लीसमोर, बेंबीच्या देठापासून. पुण्यात मला हे जमलं नसतं.

अण्णांच्या बोटात साल काढलेला एक दाणा तसाच धरलेला. मला वाटलं, आता सांगतील की ऊठ आणि चालती हो.

"किती दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काट्यानं. किती दाखवलं?"

"उजवीकडे पॉइंट सहा आठ. डावीकडे पॉइंट सहा नऊ."

"किती वाजता?"

"सात. संध्याकाळी."

त्यांचे ओठ हलायला लागले. मी त्यांच्याकडून सकाळी दहाला निघाले होते. दहा ते सात. सातशे ग्रॅममधून गेज लावताना गेलेले दहा-वीस. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उभे राहिले आणि काकूंकडे बघून म्हणाले, "नऊ तास!"

"काय नऊ तास?" काकू म्हणाल्या.

"नऊ तास वारं धरलं होतं! सहाशे ऐंशी! गळत नव्हतं ग! मी दिलं तेव्हा गळत नव्हतं! कण नंतर बसला, हिनं काढताना!" आणि मग माझ्याकडे वळून, चेहरा असा उजळलेला की मला बघवेना, "तुम्हीच केलं की हे, अक्का!"

"हो अण्णा, मीच केलं."

"पक्कं तुम्हीच केलं!"

एवढ्या आनंदानं मला आयुष्यात कुणी दोषी ठरवलेलं नाही. रागवायचं ते विसरूनच गेले. आठवलं तेव्हा थोडं रागावले, पण तोवर काकूंनी उपमा आणला होता आणि फाटकावरच्या माणसालाही आत बोलावून बशी दिली होती. गॅलरीतल्या बाई वरून कन्नडमध्ये विचारत होत्या, मुलीचं काय झालं. काकूंनी सांगितलं, काही नाही, तिनं एक वाल्व्ह बिघडवला.

पण काकू एक्स्चेंजमधल्या. लाइन अर्धवट सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. उपमा संपल्यावर त्या अण्णांसमोर बसल्या आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "तुमची चूक नव्हती, सरी. पण ऐकू येत न्हाई, हेही खरं."

अण्णांचा चेहरा पुन्हा पडला.

"म्हणून आजपासनं मी ऐकणार."

"तू?"

"दुसरं काय केलं मी जन्मभर?"

फाटकावरच्या माणसाची गाडी गार झालेलीच होती. सकाळपासून तो तिथेच उभा होता. कुलूप काढलं. अण्णांनी चाक उचललं, पंप लावला, हवा भरली. मग बोट वर केलं. आम्ही सगळे गप्प. काकूंनी पदर कमरेला खोचला, लाकडी स्टूल ओढलं, वाल्व्हपाशी कान नेला आणि सवयीनं म्हणाल्या, "हलोऽ?"

हसू कुणाला आवरेना. अण्णांना ऐकू आलं नव्हतं, पण आम्हाला हसताना बघून तेही हसत सुटले. काकूंनी सगळ्यांना दटावलं, परत कान लावला आणि डावीकडच्या वाल्व्हवर बोट ठेवलं. "इथं. बारीक. शिट्टीसारखं." अण्णांनी साबणाचा फेस लावला. मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. अण्णा त्या बुडबुड्याकडे आणि मग काकूंकडे बघतच राहिले. त्यांच्या लग्नाला तेव्हा चाळीसच्या वर वर्षं झाली होती.

पुढची दोन वर्षं शेड अशीच चालली. अण्णा हात, काकू कान. मधे त्यांच्या शिवमोग्ग्याच्या मुलीनं आग्रहानं अण्णांना कानाचं यंत्र आणून दिलं. चार दिवस लावलं त्यांनी. "पंखा ओरडतो, कुकर ओरडतो, मी जेवतो ते मलाच ऐकू येतं," म्हणाले आणि डबीत ठेवून दिलं. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. यंत्र लावलं तर काकूंना शेडमध्ये यायचं काही कारण उरलं नसतं. काकूंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी एकदाही ती डबी त्यांच्यापुढे केली नाही.

आता ते शिवमोग्ग्याला असतात, मुलीजवळ. घर पाडून तिथे चार मजले होताहेत. माझ्या गाडीची हवा मीच बघते, आणि चुकले तर रागवायला कुणी नाही, याची सवय अजून व्हायची आहे. फोन केला की काकू घेतात, माझं बोलणं अण्णांना मोठ्यानं सांगतात, त्यांचं मला सांगतात. मधे बसून जोडून देण्याचं काम त्यांचं अजून सुटलेलं नाही.

ते शिवमोग्ग्याला निघाले त्या सकाळी मी निरोप द्यायला गेले होते. जावयाची कार बोचक्यांनी भरली होती. अण्णांनी हट्टानं काकूंना पुढे बसवलं आणि स्वतः मागे, मांडीवर मिक्सरचं खोकं घेऊन, दोन गाद्यांच्या मधे चेंगरून बसले. गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला होता. त्या खड्ड्यावरून कार गेली तशी दोघांची डोकी एकदम उडाली. काकू मागे वळून काहीतरी म्हणाल्या. अण्णांना ऐकू आलं नाही. ते खोक्यावरून वाकून पुढे झाले. काकू त्यांच्या अगदी कानाशी जाऊन परत म्हणाल्या, आणि अण्णा मान मागे टाकून खदाखदा हसले.

काय म्हणाल्या ते मला कळलं नाही. कार वळली.